बिनचिठ्ठीचे वीस भारे

"झुंबरबाई, आत या. आणि ओरडू नका," असं म्हणत केंद्राच्या कारकुनांनी, वाकचौरे भाऊसाहेबांनी, वाळवणीच्या शेडचं दार ढकललं, आणि आतलं बघून ते स्वतःच ओरडले.

शेडमध्ये चार बांबू आडवे टांगलेले होते. एकेका बांबूला घासाचे पाच-पाच भारे लोंबत होते, आम्ही बायांनी आठ दिवसांपूर्वी बांधले तसेच. भाऱ्यांना कुणी हात लावलेला नव्हता. पण प्रत्येक भाऱ्याला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली होती, तिच्या जागी आता नुसती सुतळी उरली होती. एखाद्या सुतळीला नखाएवढा पुठ्ठा चिकटून होता, तेवढाच. खाली कागदाचा भुगा पडला होता आणि त्यात उंदराच्या लेंड्या.

"चिठ्ठ्या कशानं चिकटवल्या होत्या, भाऊसाहेब?" मी विचारलं.

"खळीनं. गव्हाच्या पिठाच्या." बोलता बोलता त्यांचं त्यांनाच उमगलं. "मग काय करणार? पत्र्याच्या चिठ्ठ्या वेळेवर आल्याच नाहीत. पुठ्ठ्यावर कागद चिकटवून दिले मी."

वीस चिठ्ठ्या. उंदरांनी एकही सोडली नव्हती.

हिवरदऱ्याच्या चारा केंद्रात तेव्हा मी नऊ वर्षं रोजंदारीवर होते. वय असेल चौतीस. नगर जिल्ह्याच्या आमच्या कोरड्या पट्ट्यात लसूणघासाला नुसतं घासच म्हणतात. एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापत राहायचं आणि दुभत्या जनावरापुढं टाकायचं. केंद्रात पाच जातींच्या घासाची परीक्षा चालली होती. कोणती जात जास्त चारा देते, एवढाच प्रश्न. चार ओळी, ओळीत पाच वाफे, वाफ्यात एक जात. प्रत्येक ओळीत जातींच्या जागा बदललेल्या, म्हणजे चांगल्या मातीचा फायदा कुणा एकीलाच नको.

कागदावर त्यांना एक ते पाच नंबर होते. पण तीन वर्षं कापणी करणाऱ्या आम्ही बाया, आणि नंबराशी काही बोलता येत नाही. आम्ही त्यांना पाच जावा म्हणायचो. थोरली उंच, जाड देठाची, डोक्यावर घेतली की मान मोडायची. रडकीला हात लावला की पानं गाळायला सुरुवात. खरबरीच्या अंगावर बारीक लव. चौथी माहेरवाशीण, कारण ती ह्याच केंद्रात जन्मली होती. केंद्रप्रमुख उबाळे मॅडमनी अकरा वर्षं खपून ती जात काढली होती. आणि पाचवी मुकी. ठेंगणी, सुतासारख्या देठाची. वाळल्यावर मुठीत दाबली तरी कुरकुरायची नाही, म्हणून मुकी.

हिरव्या वजनात दर कापणीला थोरली पहिली यायची आणि माहेरवाशीण दुसरी. मुकी कधी चौथी, कधी पाचवी. तीन वर्षं हेच चाललं होतं, आणि सगळ्यांनी धरलंच होतं की थोरली जिंकली.

पण चैत्रातल्या शेवटच्या कापणीला उबाळे मॅडमनी नवंच काढलं. हिरवा घास मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता सगळा सावलीत वाळवायचा. वाळल्यावर पुन्हा मोजायचा." वाकचौरे आमच्याकडं बघून हळूच म्हणाले, "पापडांची ऑर्डर आलीय वाटतं." आम्ही हसलो. मॅडमनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. एकेका ओळीचा घास एकेका बांबूला टांगला. कोणता बांबू कोणत्या ओळीचा हे माहीत होतं. पण त्या बांबूवरच्या पाच भाऱ्यांत कोणता भारा कोणत्या जातीचा, ते फक्त चिठ्ठीला ठाऊक होतं.

आणि चिठ्ठ्या उंदरांच्या पोटात.

मॅडम आल्या. बुटक्या, पायात पुरुषी बूट, डोक्याला आमच्यासारखाच टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी चारही बांबूंखालून एक फेरी मारली, एकेक सुतळी हातात घेऊन बघितली. मग खोक्यावर बसल्या.

"वाफे?"

"नांगरले ना, मॅडम," वाकचौरे म्हणाले. "कापणी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तुम्हीच सांगितलं होतं, मका लावायचाय म्हणून."

"हो. मीच सांगितलं होतं."

"राजहंस साहेब परवा येतायत," वाकचौरे पुढं म्हणाले. "त्यांना हिरवी वजनं देऊन टाकू. नाही तरी ते वाळल्या वजनाला हसतच होते."

राजहंस साहेब मोठ्या कचेरीतले. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना कोणत्या जातीचं बी द्यायचं ती यादी त्यांच्या हातात. मॅडमनी टॉवेल सोडून तोंड पुसलं, आणि पुसल्यावरही तो तोंडावरून काढला नाही. नऊ वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मॅडम," मी म्हणाले, "कोणता भारा कुणाचा, ते मी सांगते की."

वाकचौरे मोठ्यानं हसले. "वाळलेला घास आहे तो, झुंबरबाई. फुलं नाहीत, उंची नाही, रंग नाही. मलासुद्धा ओळखू येत नाही."

"तुम्ही लिहिता, भाऊसाहेब. कापतो आम्ही."

मॅडमनी टॉवेल खाली घेतला. "कसं सांगाल?"

"हातानं. वासानं. थोडं चावून."

त्या उठल्या आणि मला कार्यालयात घेऊन गेल्या. कपाटाला कुलूप होतं. आत माघातल्या कापणीचे, ओळखीसाठी ठेवलेले वाळलेले नमुने होते, कापडी पिशव्यांत, पिशवीवर शाईनं नंबर घातलेले. मॅडमनी मला भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि पाच पिशव्यांतून एकेक मूठ माझ्या मागं कागदावर ठेवली.

"वळा."

मी वळले. पहिली मूठ हातात घेतली, देठ मोडला. आत पोकळ. "थोरली." दुसरी उचलेपर्यंतच निम्मी पानं कागदावर गळली. "रडकी." तिसरी दाबली. आवाज नाही. "मुकी." चौथी नाकाला लावली. माहेरवाशिणीला मेथीसारखा वास असायचा, वाळल्यावर जास्तच. पाचवी बोटांना टोचली.

मॅडमनी पिशव्या पाहिल्या. पाचच्या पाच बरोबर होत्या. मला वाटलं, आता ह्या खूश होतील. पण त्यांनी पिशव्या बांधल्या, कपाट बंद केलं आणि म्हणाल्या, "हे माझ्यासमोर झालं. याचा उपयोग नाही."

"का?"

"मला तुमची खात्री आहे, झुंबरबाई. पण माझी खात्री कुणाला चालायची नाही. त्यांतली एक जात माझी आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "राजहंस साहेबांसमोर बसाल? ते तुम्हाला चुकवायला बघतील. बघायलाच पाहिजे त्यांनी."

"बसेन."

"चुकलात तर ते हसतील."

"मला हसू देत की. तुम्हाला हसले तर?"

"मला गेली तीन वर्षं हसतायत," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जराशा हसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हौदावर विळे धूत होते. वाकचौरे आले. इकडंतिकडं बघून हौदाच्या कट्ट्यावर बसले.

"झुंबरबाई, एक सांगू? तुमच्याच भल्याचं आहे."

"सांगा."

"उद्या तुम्ही जे बोलाल ते कागदावर जाणार. चिठ्ठ्या नाहीत, वाफे नांगरले. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा." त्यांनी आवाज उतरवला. "जो भारा हाताला जड लागेल, तो माहेरवाशिणीचा म्हणायचा. चार बांबू, चार भारे. कुणाच्या बापाला कळणार नाही. मॅडमची जात पहिली आली की मॅडमचं नाव होईल. आणि मॅडमचं नाव झालं की त्या तुम्हाला कायम करायला वर लिहितील. नऊ वर्षं झाली ना रोजावर?"

"मॅडमनी सांगायला पाठवलंय?"

"छे, छे! त्यांना यातलं काही ठाऊक नाही. हे आपलं आपल्यात." आणि मग जरा वेगळ्या आवाजात, "नाहीतर मला लिहावं लागेल की चिठ्ठ्या बायांनी नीट बांधल्या नव्हत्या. माझ्यावर तरी मी कसं घेऊ?"

मी विळा धूत राहिले. ते उठून गेले.

खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी भाकरी थापताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. धाक मला नव्हता. बायांनी चिठ्ठ्या कशा बांधल्या ते मॅडमनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मॅडमचं वाटत होतं. माझ्या धाकटीला कावीळ झाली तेव्हा ह्या बाईनं स्वतःच्या स्कूटरवर बसवून तालुक्याला नेलं होतं. तिच्या अकरा वर्षांच्या कष्टाला चार भाऱ्यांचा टेकू दिला तर कुणाचं काय बिघडणार होतं? घास तो घासच. थोरली काय, मुकी काय. आणि पाप लागलंच तर ते मला लागेल, मॅडमना नाही.

साहेब येण्याचा दिवस उजाडला.

राजहंस साहेब उंच, पांढऱ्या केसांचे, बोलायला मोजके. शेडमध्ये शिरताच त्यांनी सुतळ्या पाहिल्या, खालचा भुगा बुटानं पसरवून पाहिला. सगळं ऐकून घेतलं. मग मॅडमना म्हणाले, "उबाळे, तुम्ही मजूर बाईच्या हातावर तीन वर्षांची चाचणी ठेवताय?"

"तीन वर्षं चाचणी त्यांच्याच हातावर होती, सर."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "नाव काय तुमचं?"

"झुंबर."

"पूर्ण सांगा."

"झुंबर भागूजी खेमनर."

त्यांनी ते वहीत लिहिलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही आणि वाकचौरे कार्यालयाच्या मागं जाऊन उभे राहा. मी बोलावेपर्यंत येऊ नका. या बाईंना तुमचं तोंड दिसता कामा नये."

दोघं गेले. साहेबांनी कपाटातल्या पिशव्या आणल्या, शेडच्या दारात खुर्ची टाकली आणि मला आत पाठ करून बसवलं. ते एकेक फेरी मांडायचे. फेरीत पाच मुठी. मी वळायचे, एकेक मूठ चाचपून सांगायचे, ते लिहायचे. बरोबर की चूक, काही कळू द्यायचे नाहीत. तोंड नुसतं दगडासारखं.

पहिली फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. हाताला घाम आला की घास कळत नाही. मी मध्येच थांबून पदराला हात पुसायचे आणि कोरड्या मातीत घोळायचे.

चौथ्या फेरीला पहिल्या दोन मुठी हातात घेतल्या आणि मी थबकले.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"साहेब, ह्या दोन्ही खरबऱ्याच हायेत."

"बघा नीट. पाच जाती आहेत, पाच मुठी आहेत."

मी पुन्हा पाहिलं. बाकीच्या तीन चाचपल्या. "नाय साहेब. खरबऱ्या दोन हायेत. आणि रडकी आज आलीच नाय, घरीच ऱ्हायली."

साहेबांनी लिहिलं. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला का, मला सांगता यायचं नाही.

सातव्या फेरीला शेवटची मूठ उचलली. देठ मोडला, वास घेतला, पान चावलं. थोरलीसारखा पोकळ, पण थोरली नव्हे. मेथीचा वास नाही. लव नाही. पुन्हा चावलं. जिभेला खारट लागलं. चौतीस मुठी झाल्या होत्या, आणि ही पस्तिसावी मला ओळखू येत नव्हती.

"बोला," साहेब म्हणाले.

अंदाजानं थोरली म्हणून टाकावं, असं वाटलं. पाचांतली कुणीतरी असणारच ना?

पण हात ऐकेना.

"साहेब, ही आपल्यातली नाय."

"म्हणजे?"

"ह्या पाच जावांमधली ही एकबी नाय. कुणाच्या तरी मळ्यातली हाय. खाऱ्या पाण्यावर वाढलेली. कुटनं आणली तुमी?"

राजहंस साहेबांनी वही मिटली. चष्मा काढला, रुमालानं पुसला. मग उठून दाराबाहेर जाऊन मोठ्यानं हाक मारली, "उबाळे! वाकचौरे! या इकडं."

दोघं धावत आले.

"शेवटची मूठ मी येताना वाटेत एका शेतकऱ्याच्या मळ्यातल्या वाळल्या गंजीतून आणली होती," साहेब म्हणाले. "विहीर मचूळ आहे त्याची, स्वतःच तक्रार करत होता. या बाईंनी ती पाचांतली नाही म्हणून बाजूला काढली. वर पाणीसुद्धा सांगितलं." त्यांनी वही मॅडमपुढं धरली. "पस्तीस पैकी पस्तीस. माझ्या हाताखाली पदवी घेतलेली मुलं आहेत, उबाळे. हिरवं, फुलातलं पीक पुढ्यात असताना त्यांना एवढं जमत नाही."

मॅडमनी माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली.

"आता भारे," साहेब म्हणाले.

ह्या वेळी सगळ्यांना आत राहू दिलं. मी पहिल्या बांबूखाली गेले. एकेक भारा खाली घ्यायचा, मधोमध हात घालायचा, सांगायचं. वाकचौरे चिठ्ठी लिहायचे. नवी, पत्र्याची, खिळ्यानं नंबर कोरलेली. पहिला बांबू झाला, त्यावरचे भारे हाताला साधारण सारखेच लागले.

दुसऱ्या बांबूचा तिसरा भारा मी खाली घेतला आणि तो हाताला जड लागला. इतरांपेक्षा चांगलाच जड. वाकचौऱ्यांनी मान वर केली. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत काहीच नव्हतं, नुसतं वाट बघणं होतं. मी भाऱ्यात हात घातला. सुतासारखे देठ. पानं जागच्या जागी. मूठ आवळली. आवाज नाही.

माझ्या तोंडात माहेरवाशिणीचं नाव आलं होतं. अगदी दातांपाशी.

पण मघाशी पस्तीस वेळा मी जे होतं ते सांगितलं होतं, म्हणून तर हे लोक माझ्या हाताकडं बघत उभे होते. आता एकदा जरी खोटं सांगितलं, तर तो हात माझा कसा राहणार?

"मुकी," मी म्हणाले.

वाकचौऱ्यांचा खिळा थांबला. मग त्यांनी मुकाट्यानं पाच नंबर कोरला.

वीस भारे झाले. साहेबांनी पत्र्याच्या चिठ्ठ्या काढून घेतल्या, भारे आपल्या हातानं उलटसुलट केले. जेवण झाल्यावर मला परत सगळे ओळखायला लावले. वीसच्या वीस तेच आले. मगच काटा टांगला.

वजनं मॅडम वाचत होत्या, साहेब लिहीत होते. सगळी झाल्यावर साहेबांनी बेरजा मारल्या, आणि वरपासून पुन्हा एकदा मारल्या.

"वाचा सर," मॅडम म्हणाल्या.

"मुकी..." साहेब जरा ओशाळले. "म्हणजे पाच नंबर. अठरा किलो दोनशे. चार नंबर, सोळा किलो चारशे. एक नंबर, पंधरा किलो शंभर." त्यांनी वर पाहिलं. "एक नंबर हिरव्यात पहिली होती. पाच नंबर चौथी होती."

थोरली तिसरी. माहेरवाशीण दुसरी. आणि जिला आम्ही कधी कुणी विचारलं नाही, ती पहिली.

मी मॅडमकडं बघायला धजावत नव्हते. जमिनीकडं बघत म्हणाले, "मॅडम, मी काय करू? हाताला जे लागलं ते सांगितलं. तुमची मागं पडली."

मी वर पाहिलं, तर मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. बूट आपटत त्यांनी शेडमध्ये अक्षरशः एक गिरकी घेतली.

"मागं पडली? अहो झुंबरबाई, जिंकलो आपण!"

मला काही कळेना. वाकचौऱ्यांनाही नाही.

"सर, मी तीन वर्षं काय सांगत होते?" मॅडम साहेबांकडं वळल्या. "हिरव्या घासात पाचातले चार हिस्से पाणी असतं. आपण पाणी मोजतोय आणि चारा म्हणतोय. ज्या भागात जानेवारीतच विहिरी आटतात, तिथल्या माणसाला वैशाखात गोठ्यात काय उरतं ते पाहिजे. वाळवून मोजा, म्हटलं, तर हसलात. म्हणालात, उबाळेला आपली जात वर आणायची आहे, म्हणून हे नवीन माप काढलंय. म्हणालात की नाही?"

साहेब म्हणाले, "म्हणालो होतो. मी एकटाच नव्हे, सगळेच म्हणत होते."

"आता? आता काय म्हणणार? माझ्याच मापानं माझीच जात हरली! आता कोण म्हणेल की हे माप मी माझ्यासाठी काढलं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या दुसऱ्या बांबूखाली मी दातांपाशी आलेलं नाव बोलून टाकलं असतं आणि पुढंही तसंच केलं असतं, तर मॅडमची जात पहिली आली असती. आणि मॅडम कायमच्या खोट्या पडल्या असत्या. मी त्यांच्यावर उपकार करायला निघाले होते आणि त्यांचा गळाच कापणार होते.

वाकचौरे काट्याचा दोर सोडत होते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मी कुणाला काही सांगितलं नाही. मॅडमनाही नाही, अगदी आजपर्यंत.

"उबाळे," राजहंस साहेब सावकाश म्हणाले, "पुढच्या वर्षापासून आपल्या सगळ्या केंद्रांवर हिरवं आणि वाळलं, दोन्ही मोजायचं. मी लिहितो तसं. आणि पाच नंबरचं बी वाढवायला घ्या."

मॅडमनी त्यांना नमस्कार केला. मग माझ्याकडं वळून मलाही केला, तेव्हा मी लाजून पळून दावणीकडं गेले.

दोन वर्षांत मुकीचं बी गावोगाव गेलं. पुढचा एक उन्हाळा फार वाईट आला. माझ्या नणंदेच्या गावात लोकांनी मांडवाखाली रचून ठेवलेला वाळला घास उकलला, तेव्हा तो पानांसकट जसाच्या तसा निघाला. तिच्या दोन्ही गाई त्या उन्हाळ्यात दुधावर राहिल्या. नणंद मला म्हणाली, "वहिनी, ही जात कुणी शोधली गं?" मी म्हटलं, "तिची ती होतीच. आम्ही फक्त ओळखली."

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. वजनं झाली त्यानंतर आठ महिन्यांनी केंद्रावर एक जाड पुस्तक आलं. वर्षभराच्या सगळ्या चाचण्यांचा अहवाल, इंग्रजीत छापलेला. पुस्तक हातात पडलं त्याच सकाळी मॅडम परगावी गेल्या. जाताना पानात खूण घालून निरोप ठेवून गेल्या होत्या, की हे झुंबरबाईंना दाखवा.

नऊ वर्षं हजेरीपत्रकावर मी 'मजूर, स्त्री, सात' होते. सात हा माझा नंबर. माझ्यावर सहा, माझ्याखाली आठ. नाव लिहायची तिथं पद्धतच नव्हती.

मी पुस्तक घेतलं आणि सरळ वाकचौऱ्यांच्या टेबलापाशी गेले. आमच्या आठ-दहा बाया मागोमाग येऊन दारात उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, मला इंग्रजी येत नाय. वाचून दाखवा."

त्यांनी पुस्तक घेतलं. आकड्यांचा तक्ता होता, त्याच्या खाली बारीक अक्षरांत तीन ओळी. त्यांनी त्या मनात वाचल्या. त्यांचा चेहरा लाल झाला.

"मोठ्यानं वाचा की," मागून एक बाई म्हणाली.

वाकचौऱ्यांनी घसा साफ केला. एकेक शब्दाचं मराठी करत ते वाचू लागले. "खूणचिठ्ठ्या नष्ट झाल्यामुळे... सर्व भाऱ्यांची ओळख निरीक्षक श्रीमती झुंबर भागूजी खेमनर यांनी पटवली. त्यांची स्वतंत्र परीक्षा घेण्यात आली. पस्तीस पैकी पस्तीस नमुने... त्यांनी अचूक ओळखले."

"निरीक्षक म्हंजी?"

"म्हणजे... बघून, पारखून सांगणारा अधिकारी माणूस."

"मजूर नाय लिहिलं?"

"नाही."

दारातल्या बाया आत सरकल्या. मी स्टूल ओढलं आणि त्यांच्या टेबलासमोर बसले. नऊ वर्षांत त्या खोलीत मी कधी बसले नव्हते.

"भाऊसाहेब," मी म्हणाले, "अजून एकदा वाचा. सावकाश."

आणि त्यांनी वाचलं.